‘पाव टेबलावर आहे’ : पोर्तुगीजच्या पहिल्या धड्याचं रसग्रहण

‘ऊ पाँव इश्ता ना मेझा.’ म्हणजे, पाव टेबलावर आहे. पोर्तुगीज शिकू लागलेल्याला पहिल्या-दुसऱ्या धड्यातच भेटावं असं हे साधं वाक्य. त्यात ना अलंकार, ना भावना. पण कवितेच्या ओळीपाशी थांबावं तसं याच्या एकेका शब्दापाशी थांबलं, तर एका भाषेचा स्वभाव त्यात पुरता उमटलेला दिसतो. तो स्वभाव असा : दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तरी त्यांचा सांधा पुसायचा नाही. कुठे अक्षरावर, कुठे अनेकवचनात, कुठे प्रत्ययात, पण खूण राहू द्यायची. नवशिक्याला छळणारे पोर्तुगीजचे बरेचसे नियम या एका सवयीतून आले आहेत. ती सवय कळली की त्यांचा जाच कमी होतो आणि त्यांची गोडी लागते. (इथले उच्चार लिस्बनच्या बोलण्याच्या जवळ जाणारे आहेत. ब्राझीलमध्ये ते बरेच वेगळे ऐकू येतील.)

पहिला शब्द ‘ऊ’. लिहिताना एकच अक्षर, ‘ओ’. हे पुल्लिंगी उपपद. मराठीत उपपद नाही, त्यामुळे आपण ते ओलांडून पुढच्या नामाकडे जायला बघतो. पण थांबावं. लॅटिनमधल्या ‘इल्लुम’ या, ‘तो’ दाखवणाऱ्या सर्वनामाचं हे उरलेलं रूप. झिजत झिजत त्याचं आधी ‘लो’ झालं, मग ‘ल’सुद्धा गळून नुसता स्वर राहिला. हाच स्वर ‘त्याला’ अशा अर्थानं कर्म म्हणूनही वापरतात, आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडते. ‘कुमेर’ म्हणजे खाणे. ‘तो खाणे’ असं म्हणायचं तर ‘कुमेर-ऊ’ होत नाही, ‘कुमे-लु’ होतं. क्रियापदाचा ‘र’ गळतो आणि शतकांपूर्वी गेलेला ‘ल’ परत येतो. पाठ्यपुस्तक सांगतं, ‘र’, ‘स’ किंवा ‘झ’ने संपणाऱ्या रूपापुढे सर्वनामाला ‘ल’ लावा. नियम पाठ करायला तेवढं पुरतं. पण तो ‘ल’ बाहेरून आणून लावलेला नाही, सर्वनामाचाच आहे, हे एकदा उमगलं की नियम विसरता येत नाही. ‘पेलु’ (‘च्या मार्गे’, ‘च्याकडून’) या शब्दातही तोच ‘ल’ दडून बसला आहे.

दुसरा शब्द ‘पाँव’. आपला पाव इथूनच आला. याच्या शेवटी जो नाकातला स्वर आहे, तो लिहिताना ‘आ’वर एक छोटी नागमोडी रेघ देतात. तिला ‘तिल’ म्हणतात. मध्ययुगात हस्तलिखितं उतरवणारे लेखक जागा वाचवण्यासाठी ‘न’ हे अक्षर लहान करून स्वराच्या डोक्यावर लिहीत, त्याचीच पुढे ही रेघ झाली. म्हणजे लॅटिनच्या ‘पानेम’मधला ‘न’ उच्चारातून गेला, जाताना स्वराला नाकात ओढून गेला, आणि त्याची आठवण म्हणून वर एक चिन्ह राहिलं. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी आपण ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असं लिहीत होतो. ‘नाम’मधला ‘म’, ‘ग्राम’मधला ‘म’, ‘पंच’मधला ‘ञ’ त्या टिंबात उभा होता. आपण ते टिंब काढलं, कारण ते उच्चारात राहिलं नव्हतं. पोर्तुगीजमध्ये नाकातला स्वर अजून जिवंत आहे, म्हणून तिल राहिला.

या शब्दाचं खरं वैभव त्याच्या अनेकवचनात आहे. ‘पाँव’ (पाव), ‘माँव’ (हात), ‘लिआँव’ (सिंह) हे तीन शब्द एकवचनात एकाच सुरावर संपतात. कान लावूनही त्यांच्या शेवटात फरक सापडत नाही. पण अनेकवचन करायला जा : ‘पाँइश’, ‘माँउश’, ‘लिओंइश’. एकाच दारातून आत गेलेले तिघे तीन दारांतून बाहेर पडतात. कारण लॅटिनमध्ये ते तीन वेगळ्या घरांतले होते : ‘पानेम’, ‘मानुम’, ‘लेओनेम’. काळाच्या ओघात एकवचनाचे तिन्ही शेवट एक झाले, अनेकवचनानं मात्र आपापलं मूळ सोडलं नाही. नवशिक्याला इथे यादी पाठ करावी लागते हे खरं. बहुसंख्य शब्द ‘ओंइश’ घेतात हे लक्षात ठेवलं की भार हलका होतो. पण त्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एका मिटलेल्या भेदाची जपून ठेवलेली नोंद आहे. मराठीनं हे शब्द घेतले ते एकवचनातच, आणि शेवटच्या ‘आँव’चा सरळ ‘आव’ करून टाकला : ‘पाँव’चा पाव, ‘लेइलाँव’चा लिलाव. आपल्याकडे एक पावही ‘पाव’ आणि दहा पावही ‘पाव’च. तिथल्या अनेकवचनाची गुंतागुंत आपल्यापर्यंत आलीच नाही.

तिसरा शब्द ‘इश्ता’, म्हणजे ‘आहे’. पण पोर्तुगीजमध्ये ‘आहे’ दोन आहेत. एक ‘सेर’ या क्रियापदाचं ‘ए’, दुसरं ‘इश्तार’चं ‘इश्ता’. पुष्कळ पुस्तकं सांगतात, कायमच्या गोष्टीला ‘सेर’ आणि तात्पुरत्या गोष्टीला ‘इश्तार’. सुरुवातीला हा नियम कामाला येतो, पण तो पुरेसा नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘इश्ता मोर्तु’ म्हणतात, म्हणजे ‘इश्तार’च वापरतात, आणि मृत्यूहून कायमचं काय असणार? खरा भेद वेगळा आहे. ‘सेर’ सांगतं एखादी गोष्ट काय आहे, कोण आहे. ‘इश्तार’ सांगतं ती कोणत्या स्थितीत आहे, कुठे आहे, काय होऊन बसली आहे. मृत्यू ही आलेली अवस्था आहे, म्हणून ‘इश्तार’. ‘आ मरीआ ए बुनीता’ म्हणजे मारिया देखणी आहे, तिचं रूपच तसं. ‘आ मरीआ इश्ता बुनीता’ म्हणजे मारिया आज छान दिसते आहे. आपण जिथे ‘असणे’ सोडून ‘दिसणे’ वापरतो, तिथे पोर्तुगीज एका ‘आहे’वरून दुसऱ्या ‘आहे’वर जाते. आणि या दोन्हींची मुळं आपल्याला ओळखीची आहेत. ‘इश्तार’ लॅटिनच्या ‘स्तारे’तून आलं, म्हणजे उभं राहणं, संस्कृतच्या ‘स्था’चं सख्खं भावंड. ‘सेर’मध्ये ‘एस्से’, म्हणजे असणं, आणि ‘सेदेरे’, म्हणजे बसणं, ही दोन क्रियापदं एकमेकांत मिसळली आहेत. त्यातलं ‘सेदेरे’ हे आपल्या ‘सदन’ आणि ‘सभासद’ यांतल्या ‘सद्’चं नातलग. म्हणून आपला पाव टेबलावर ‘इश्ता’ : तो आता तिथे आहे, उद्या नसेल.

चौथा शब्द ‘ना’. याचा अर्थ ‘च्यावर’ किंवा ‘च्यात’, पण हा मुळात एक शब्द नाही. ‘एम’ (मध्ये, वर) आणि ‘आ’ (स्त्रीलिंगी उपपद) यांचा हा जोड. त्यातला ‘न’ शब्दयोगी भागाचा उरलेला अंश, ‘आ’ उपपदाचा. पोर्तुगीजमध्ये अशा जोडांनी बोलणं भरलेलं असतं : ‘द’ आणि ‘ऊ’ मिळून ‘दु’, ‘द’ आणि ‘आ’ मिळून ‘दा’, ‘एम’ आणि ‘ऊ’ मिळून ‘नु’. मारियाचं घर म्हणजे ‘आ काझा दा मरीआ’. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाच्या शेवटाला चिकटतो, तिथे तो नामाच्या आधी उभ्या असलेल्या उपपदाला चिकटतो. चिकटण्याची जागा बदलली, ओढ तीच. देशांच्या नावांतही हे ऐकू येतं. भारताला उपपद आहे, म्हणून ‘भारतात’ म्हणजे ‘ना इंदिआ’. ब्राझीलला आहे, म्हणून ‘नु ब्राझील’. पोर्तुगालला नाही, गोव्यालाही नाही, म्हणून ‘एम पुर्तुगाल’, ‘एम गोआ’. पोर्तु शहराचं नाव मुळात ‘बंदर’ असं सामान्य नाम, म्हणून त्याला उपपद राहिलं : ‘नु पोर्तु’. लिस्बनला मात्र ‘एम लिझ्बोआ’.

या सांध्यांत सर्वांत देखणा सांधा दोन ‘आ’ एकत्र येण्याचा. ‘कडे’ या अर्थाचा एक ‘आ’, उपपदाचा दुसरा ‘आ’. दोन्ही मिळून एकच अक्षर होतं, पण त्यावर डावीकडून उतरणारी एक तिरपी रेघ देतात. आजच्या पोर्तुगीज लेखनात ही रेघ जवळपास याच एका कामासाठी राखून ठेवली आहे : इथे दोन होते, एक झाले, हे सांगण्यासाठी. पोर्तुगालमध्ये तो ‘आ’ जरा मोकळा उच्चारतात. ब्राझीलमध्ये कानाला फरक कळत नाही, तो फक्त डोळ्यांना दिसतो. म्हणून तिथल्या शाळकरी मुलांना हा नियम अवघड जातो आणि शिक्षक त्यांना एक युक्ती शिकवतात. स्त्रीलिंगी नामाच्या जागी पुल्लिंगी नाम ठेवून बघा. ‘आउ’ असं दोन स्वरांचं रूप आलं, तर मूळ जागी रेघ द्या. मिसळलेलं वेगळं करून बघण्याची ही सुरेख पद्धत आहे. संस्कृतातला संधी सोडवताना आपण याहून वेगळं काय करतो?

पाचवा शब्द ‘मेझा’, टेबल. तो स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीजमध्ये दोनच लिंगं. बहुतेक करून ‘ओ’ने संपणारी नामं पुल्लिंगी आणि ‘आ’ने संपणारी स्त्रीलिंगी. ‘माँव’ (हात) स्त्रीलिंगी आणि ‘दिआ’ (दिवस) पुल्लिंगी, असे अपवादही पहिल्याच आठवड्यात भेटतात. मराठी माणसाला लिंग नवं नाही, नवी आहे ती त्याची दिशा. आपल्याकडे ‘आ’ने संपणारं नाम बहुधा पुल्लिंगी. त्यामुळे पोर्तुगीजची स्त्रीलिंगी ‘बताता’ आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि ‘तो बटाटा’ झाली. शेवटचा स्वर तोच राहिला, दोन व्याकरणांनी त्याचा अर्थ उलट लावला. आणखी एक गंमत : आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याचा इथे संबंध नाही, बोलणारा कोण एवढंच पाहायचं. ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हणणाऱ्या आपल्याला हे चटकन पटतं. आणि पोर्तुगीज ‘एउ वो’ (मी जातो किंवा जाते) मध्ये बोलणाऱ्याचं लिंग अजिबात दिसत नाही, याचं तितकंच नवल वाटतं.

पाच शब्द संपले. आता त्याच पावाचं एक पुढचं वाक्य घेऊ, कारण या व्याकरणाचा मुकुटमणी त्यात आहे. ‘ऊ पाइ त्रोस पाँव पारा कुमेर्मुश.’ वडिलांनी पाव आणला, आम्ही खावा म्हणून. शेवटचा शब्द बघा. ‘कुमेर’ हे क्रियापदाचं मूळ रूप, ‘खाणे’. बहुतेक भाषांत हे रूप कर्त्यापासून मोकळं असतं, त्याला ना पुरुष ना वचन. पोर्तुगीज त्या मोकळ्या रूपालाही कर्त्याचे प्रत्यय लावते. ‘पारा कुमेरेश’, तू खावास म्हणून. ‘पारा कुमेर्मुश’, आम्ही खावा म्हणून. ‘पारा कुमेरैं’, त्यांनी खावा म्हणून. याला वैयक्तिक भाववाचक रूप म्हणता येईल. शेजारच्या गॅलिशियनमध्ये ते आहे, स्पॅनिशमध्ये नाही. नुसतं ‘पारा कुमेर’ म्हटलं तर पाव कोण खाणार हे संदर्भावर सोडलं. एक ‘मुश’ जोडला की पाव आमच्या वाट्याला आला. मराठीत आपण हे काम कर्त्याकडून करून घेतो : ‘आम्ही खाणं’, ‘त्यांनी खाणं’. धातुसाधित तसंच राहतं, कर्ता शेजारी उभा करतो. पोर्तुगीज कर्ता धातूतच गुंफते, आणि ‘खाणे’ इतक्या अमूर्त शब्दातूनही माणसाला निसटू देत नाही. वाचन थोडं पुढे गेलं की हे रूप पानोपानी भेटतं आणि प्रत्येक वेळी त्याच्या नेमकेपणाचा आनंद होतो.

याच रूपामुळे लेखनात एक नाजूक नियम आला आहे. ‘वडील येण्यापूर्वी’ म्हणायचं तर ‘आंतश द ऊ पाइ शेगार’. इथे ‘द’ आणि ‘ऊ’ शेजारी आहेत, म्हणजे ‘दु’ व्हायला हवं. बोलताना ते सर्रास होतंही. पण प्रमाण लेखन म्हणतं, इथे जोडू नका. कारण ‘द’चा संबंध वडिलांशी नाही, ‘वडील येणे’ या सगळ्या क्रियेशी आहे, आणि ‘ऊ पाइ’ हा त्या क्रियेचा कर्ता आहे. मराठीत तरी वेगळं काय होतं? आपण ‘वडील येण्यापूर्वी’ म्हणतो तेव्हा ‘पूर्वी’ येण्याला लागतं. ‘वडिलांपूर्वी’ म्हटलं की अर्थच बदलतो. जी भाषा एरवी प्रत्येक ठिकाणी सांधते, ती इथे अर्थासाठी सांधा मुद्दाम उघडा ठेवते. या व्याकरणात माझा सर्वांत आवडता नियम हाच.

तिसरं वाक्य : ‘क्वांदु विएरेश, त्राश पाँव.’ तू आलास की पाव आण. यातलं ‘विएरेश’ हे भविष्यकाळातल्या, अजून न घडलेल्या गोष्टीचं खास रूप. स्पॅनिशमध्ये ते आता कायद्याच्या भाषेत आणि काही ठरीव वाक्प्रयोगांत तेवढं उरलं आहे. पोर्तुगीजमध्ये दुकानात, घरात, फोनवर रोज ऐकू येतं. हे रूप बनतं कसं? भूतकाळाचं ‘ते आले’ हे रूप घ्यायचं, ‘विएराँव’. त्याचा शेवट काढायचा, ‘विएर’ उरतं, त्याला प्रत्यय लावायचे. होणाऱ्या गोष्टीसाठी झालेल्या गोष्टीचा साचा! विद्यार्थी इथे बुचकळ्यात पडतात. मराठी विद्यार्थ्यानं पडू नये, वरचा मराठी अर्थ त्यानं पुन्हा वाचावा : ‘तू आलास की’. अजून तो आलेला नाही, तरी आपण ‘आलास’ म्हणतो. ‘देवाची इच्छा असली तर’ म्हणतो, आणि पोर्तुगीज माणूस त्याच अर्थानं ‘स देउश किझेर’ म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली : अट पुरी झाली असं मानून पुढचं बोलायचं.

नियमित क्रियापदांत हे रूप आणि आधीचं वैयक्तिक रूप दिसायला हुबेहूब सारखं : ‘कुमेरेश’ दोन्हीकडे. मग ही दोन वेगळी रूपं आहेत हे कळावं कसं? त्याची साक्ष अनियमित क्रियापदं देतात. ‘फाझेर’, म्हणजे करणे. ‘तू करावंस म्हणून’ यात ‘फाझेरेश’, आणि ‘तू केलंस तर’ यात ‘फिझेरेश’. अनियमित क्रियापदांना नवशिका शिव्या देतो. पण नियमितांनी जे झाकलं, ते उघडं ठेवण्याचं काम तीच करतात.

चौथं आणि शेवटचं वाक्य औपचारिक लेखनातलं : ‘दार-त-एइ पाँव.’ मी तुला पाव देईन. यात ‘तुला’ हा शब्द ‘देईन’च्या पोटात शिरला आहे, जणू ‘दे-तुला-ईन’. कारण हा भविष्यकाळ कधी काळी दोन शब्दांचा होता : ‘दार’ म्हणजे देणे, आणि ‘एइ’ म्हणजे माझ्याकडे आहे. आपल्या ‘मला द्यायचं आहे’च्या जवळचं काहीतरी. दोन्ही शब्द एकजीव होऊन ‘दारेइ’ झालं, पण सर्वनाम आलं की जुना सांधा उघडतो आणि त्याला आत जागा देतो. ब्राझीलच्या बोलण्यात हे रूप जवळजवळ उरलेलं नाही, पोर्तुगालमध्येही ते लेखनात आणि औपचारिक भाषणातच जास्त. नवशिक्यानं ते बोलण्याची घाई करू नये. पण ओळखायला जरूर शिकावं, कारण एका काळाचा जन्म ते डोळ्यांसमोर पुन्हा घडवतं.

या व्याकरणाची पहिली मांडणी फेर्नाँव द ओलिवेइरा यांनी १५३६ साली लिस्बनमध्ये छापली. १५४० साली जुआँव द बारुश यांचं व्याकरण आलं. हे बारुश म्हणजे आशियातल्या पोर्तुगीजांचा इतिहास लिहिणारे, भारताच्या व्यापाराचं लिस्बनमधलं खातं सांभाळणारे. पोर्तुगीज गोव्यात येऊन तेव्हा तीसच वर्षं झाली होती. पुढे शतकभरात या व्याकरणाची पद्धत आपल्या भाषांनाही लावली गेली. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते रायतूरला छापलं गेलं. स्वतःच्या भाषेचे सांधे मोजायला शिकलेल्या डोळ्यांनी मग आपल्या भाषेचे सांधे मोजले.

आणि पोर्तुगीज व्याकरण आजही महाराष्ट्राच्या मातीत एका रूपात नांदतं आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली एक भाषा बोलली जाते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं १९९६ साली तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण : ‘आर’, ‘एर’, ‘इर’. कोर्लईत शेवटचा ‘र’ गळून ‘आ’, ‘ए’, ‘इ’ हे स्वर उरले. कर्त्याचे प्रत्यय गेले, वाक्यातलं क्रियापद मराठीसारखं शेवटाकडे सरकलं. पण मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी या भाषेनं एक चौथा गण निर्माण केला, ‘उ’ने संपणारा. तिन्ही जुन्या गणांत ती क्रियापदं सहज मिसळून गेली असती. तसं झालं नाही. ती आपल्या वेगळ्या स्वरावरून आजही ओळखू येतात.

पोर्तुगीज शिकायला बसणाऱ्या मराठी माणसाला म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं : तक्ते पाठ करा, त्याला पर्याय नाही. पण प्रत्येक तक्त्यापाशी एक प्रश्न विचारा, इथे काय मिसळलं होतं आणि त्याची कोणती खूण ठेवली आहे? तिल, तिरपी रेघ, तीन अनेकवचनं, परत येणारा ‘ल’, कर्ता सांगणारं ‘खाणे’, या सगळ्यांची उत्तरं मिळतात. ज्या व्याकरणाला असा प्रश्न विचारता येतो, ते कवितेइतक्याच प्रेमानं वाचण्याच्या योग्यतेचं आहे.